लहान फोन हवाय? आधी पट्टी घ्या

प्रश्न एका परिचारिका ताईंचा आहे. त्यांच्याकडे २०२० चा आयफोन एसई आहे, ४.७ इंची. पाच वर्षं वापरला, आता दुपारी दोनलाच बॅटरी मान टाकते. दुकानात गेल्या तर जो तो साडेसहा-पावणेसात इंची फोन पुढे करतो. तसला फोन ॲप्रनच्या खिशात राहत नाही, पेशंटवर वाकलं की बाहेर घसरतो. एका हातात सलाईनची बाटली असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. कंपन्या लहान फोन का बनवत नाहीत आणि पंचवीस हजारांत काय घेऊ, असं त्यांनी विचारलंय.

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. आत्ता काहीच घेऊ नका, बॅटरी बदलून घ्या. का ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. "कंपन्यांना फक्त पैसा दिसतो" आणि "बायकांच्या हातांचा कुणी विचारच करत नाही" ही उत्तरं तुम्ही ऐकली असतील. दोन्हीत तथ्य आहे, पण फोन उघडून बघितला की गोष्ट जरा वेगळी दिसते.

मी २००४ पासून कोल्हापुरात मोबाईल दुरुस्ती करतोय. सुरुवात केली तेव्हा लहान फोन म्हणजेच भारी फोन. गिऱ्हाईक यायचं, मूठ मिटून टेबलावर ठेवायचं आणि "ओळखा आत काय" म्हणायचं. त्या काळात माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेला तो नोकिया ११००: रुंदी ४६ मिलिमीटर, वजन ८६ ग्रॅम, वर टॉर्च. सदऱ्याच्या खिशात घालून लोक विसरून जायचे आणि फोन कपड्यांबरोबर धुतला जायचा. पाण्यातून काढलेले ११०० मी किती वाळवले त्याची गणती नाही. आता तसं होत नाही. दोनशे ग्रॅमची वडी खिशात आहे हे कोण विसरेल?

मग टचस्क्रीन आली. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची होता आणि पुढची चार वर्षं ॲपल तिथेच ठाम बसलं. जुलै २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झनी पत्रकारांसमोर मोठ्या फोनांची टर उडवली होती. हातात मावत नाहीत, कोण घेणार असले फोन, अशा अर्थाचं बोलले होते. २०१२ चा आयफोन ५ चार इंचांचा झाला, तोही फक्त उंचीत. रुंदी वाढवली नाही, कारण अंगठा सगळीकडे पोचला पाहिजे, अशी जाहिरातच होती. २०१४ मध्ये त्याच कंपनीनं ४.७ आणि ५.५ इंची फोन आणले आणि ते धडाक्यात खपले. अंगठ्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

त्याआधी २०११ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी नोट आणला होता, ५.३ इंची. आमच्या गल्लीत पहिला ज्यानं घेतला त्याला पोरं "पाटी कानाला लावून बोलतोय" म्हणून चिडवायची. आता एक गंमत सांगतो. त्या नोटची रुंदी ८३ मिलिमीटर होती. २०२५ चा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा ६.९ इंची आहे आणि त्याची रुंदी ७७.६ मिलिमीटर आहे. म्हणजे एवढा दांडगा फोनही त्या ५.३ इंची नोटपेक्षा अरुंद आहे. वजन मात्र १७८ ग्रॅमवरून २१८ वर गेलंय.

इंचाचा आकडा असा फसवतो. तो स्क्रीनच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. पूर्वीच्या स्क्रीन १६:९ प्रमाणाच्या, म्हणजे जरा आडव्या अंगाच्या असायच्या. २०१७ पासून १८:९, मग १९.५:९, मग २०:९ अशा त्या उंच होत गेल्या. शेवग्याच्या शेंगेसारख्या. जुन्या प्रमाणातली ५.५ इंची स्क्रीन सुमारे ६८ मिलिमीटर रुंद भरते, तर आजची ६.१ इंची स्क्रीन ६५. इंच वाढले आणि रुंदी घटली. शिवाय स्क्रीनभोवतीची काळी चौकट जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे "६.१ इंची म्हणजे केवढा मोठा" असं म्हणून नाक मुरडू नका, आणि "कॉम्पॅक्ट" असं लेबल बघून भुलूही नका. वेबसाईटवर मापांच्या रकान्यात रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती बघा. हात कुठे भरतो ते रुंदी ठरवते. अंगठा वर कुठवर जातो ते उंची ठरवते, पण तिथे स्क्रीन खाली ओढायची सोय असते, ती सेटिंगमध्ये चालू करता येते. रुंदीला असा काही इलाज नाही.

तुमच्या एसईची रुंदी ६७.३ मिलिमीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लहान फोन का मेला ते टेबलावर बघू. माझ्याकडे मागे एकाच दिवशी आयफोन १३ मिनी आणि १३ प्रो मॅक्स असे दोन्ही आले होते. दोघांचे फोल्डर काढून बाजूला ठेवले, म्हणजे स्क्रीन हो, आम्ही तिला फोल्डरच म्हणतो. शेजारी शेजारी ठेवलेले दोन उघडे फोन म्हणजे वन बीएचके आणि थ्री बीएचकेचे नकाशे समजा. दोन्हीकडे स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आहेच. मदरबोर्ड आहे, खाली चार्जिंगचा जॅक आहे, त्याच्या शेजारी स्पीकर, कंपनासाठीची मोटर, वर कॅमेरे, चेहरा ओळखणारी पट्टी, सिमचा ट्रे. मिनीत काही भाग घासूनपुसून लहान केलेत, नाही असं नाही. पण जॅक तो जॅक, आणि सिम तेच सिम. घर अर्धं झालं म्हणून संडास अर्धा करता येत नाही. मग जागा कुठली तुटते? दिवाणखान्याची. फोनमधला दिवाणखाना म्हणजे बॅटरी.

आकड्यांत सांगतो. मिनी १३१.५ बाय ६४.२ मिलिमीटर, प्रो मॅक्स १६०.८ बाय ७८.१. मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या दीडपट. बॅटरी मात्र मिनीत सुमारे २४०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आणि प्रो मॅक्समध्ये सुमारे ४३५०, म्हणजे १.८ पट. स्क्रीन दीडपट मोठी म्हणून वीज जास्त खाते, मान्य, पण बॅटरी त्याहून जास्त वाढली. शिवाय प्रोसेसर, नेटवर्क, जीपीएस यांना फोन केवढा आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ते दोन्हीकडे तेवढंच खातात. कंपनीच्याच आकड्यांत व्हिडिओ बघताना मिनी १७ तास आणि प्रो मॅक्स २८ तास. बांधणीत कुणी चूक केली म्हणून हा फरक पडत नाही. लहान घरात माणसं तेवढीच राहिली की असंच होतं.

उष्णतेचंही तसंच. प्रोसेसरची उष्णता बाहेर पडायला पाठ लागते, आणि लहान फोनला पाठच लहान. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर नकाशा लावून फिरणारी डिलिव्हरीची पोरं माझ्याकडे येतात, "भाऊ, फोन आपोआप मंद होतो" म्हणतात. मोठा फोनसुद्धा तापतोच, पण लहान आधी हात टेकतो.

आता बाजाराकडे वळतो, आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मी नवे फोनही विकायचो. लहान फोन मागणारी गिऱ्हाइकं रोज यायची. तुमच्यासारख्या नोकरदार बायका, शिंपी, बसचे कंडक्टर, पळायला जाणारे लोक. मी म्हटलं मागणी आहे तर ठेवू. एका कंपनीच्या चांगल्या लहान मॉडेलचे तीन पीस आणले. मागणारे यायचे, हातात घ्यायचे, "अगदी असाच हवा होता" म्हणायचे. मग विचारायचे, "बॅटरी किती?" मी आकडा सांगितला की चेहरा उतरायचा. मग शेजारचा सहा हजारांनी स्वस्त पण डोळ्यांत भरणारा मोठा फोन घेऊन निघून जायचे. माझे तीन पीस वर्षभर काचेमागे धूळ खात पडले. शेवटचा मी तोट्यात माझ्या मेव्हण्याला दिला. तो अजून वापरतो, आणि दर दिवाळीला "काय फोन दिलास यार" म्हणून कौतुक करतो. हेच तर दुखणं आहे. लहान फोन आवडणारा माणूस तो मरेपर्यंत सोडत नाही. कंपनीला दर दोन वर्षांनी फोन बदलणारं गिऱ्हाईक लागतं. ताई, राग मानू नका, पण तुम्हीही पाच वर्षांत एकच घेतलाय.

माझे तीन पीस, मोठ्या कंपन्यांचे लाखो. सोनीनं २०१४ पासून एक्सपिरिया कॉम्पॅक्ट काढले. झेड१ कॉम्पॅक्ट ४.३ इंची, पण आत मोठ्या झेड१ चाच प्रोसेसर. लहान म्हणजे कमअस्सल हा समज मोडणारे ते फोन होते. २०१८ च्या एक्सझेड२ कॉम्पॅक्टनंतर ती मालिका बंद झाली. असूसनं झेनफोन ८, ९, १० असे तीन फोन ५.९ इंचांत आणि साधारण ६८ मिलिमीटर रुंदीत बसवले. २०२४ चा झेनफोन ११ अल्ट्रा आला तो थेट ६.७८ इंची. ॲपलनं १२ मिनी आणि १३ मिनी काढले, आणि २०२२ मध्ये मिनीच्या जागी मोठा प्लस आणला. आपल्याकडे १३ मिनी ६९,९०० ला होता आणि साधा १३ होता ७९,९०० ला. सत्तर घालवणारा माणूस म्हणतो, अजून दहा टाकू. लहान वस्तू स्वस्त असायला हवी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्यक्षात तेच सामान कमी जागेत कोंबायला कारागिरी जास्त लागते. पेबल हे स्मार्टवॉच काढणारे एरिक मिगिकोव्हस्की यांनी २०२२ मध्ये लहान अँड्रॉइड फोनसाठी जगभरातून सह्या गोळा केल्या होत्या. सह्या हजारोंनी आल्या. सही फुकट असते.

आपल्याकडचं कारण आणखी वेगळं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि फोन हा फोन राहिला नाही. बहुतेक घरांत कॉम्प्युटर नाही, टॅब नाही. फोन हाच टीव्ही, हीच शाळा, हीच बँक, हाच सातबारा. कोरोनात दोन भावंडं एकाच फोनवर तासाला बसलेली मी बघितली आहेत. अशा घरात पाच इंची फोन न्यायचा तर घरचेच हाणतील. ज्याच्याकडे दुसरी स्क्रीन आहे त्यालाच लहान फोन परवडतो. ही गोष्ट आपण लहानवाले सोयीस्करपणे विसरतो.

आणि मराठीचं सांगू का? इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या ओळीत दहा बटणं असतात. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत त्याहून जास्त लागतात, तरी निम्मी अक्षरं शिफ्टमागे असतात. मिनीची स्क्रीन जेमतेम ५८ मिलिमीटर रुंद. तिच्यात बारा बटणं बसवली तर एकाला पाच मिलिमीटरही येत नाहीत. वेलांटी, उकार, रफार यांच्यामुळे ओळीला उंचीही जास्त लागते, त्यामुळे त्याच स्क्रीनवर मराठीच्या ओळी कमी बसतात. माझे वडील मोठ्या फोनवर अक्षरं ठसठशीत करून पेपर वाचतात, तरी चाळिशी लावतात. मोठ्या फोनला नावं ठेवताना मला ते दिसतात आणि माझं तोंड बंद होतं.

स्वस्त फोनांत लहान का नाही, याचं उत्तर तर आमच्या धंद्यातच आहे. दहा-पंधरा हजारांच्या फोनांचे कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, ठरावीक मापांचे येतात. एकच कॉम्बो थोड्याफार फरकानं चार-पाच मॉडेलना चालतो, काही वेळा वेगळ्या ब्रँडलासुद्धा. मुंबईला मनीष मार्केटमध्ये माल भरायला गेलो की दुकानदार मॉडेलचं नाव ऐकून न बघता एकाच थप्पीतून काढून देतो. स्क्रीनचे कारखाने या मापांवर चालतात, म्हणून ती स्वस्त पडतात. कुणी ५.५ इंचांचा वेगळा डिस्प्ले मागितला तर त्याच्यासाठी वेगळी लाईन लागणार, आणि लाख-दोन लाख फोनांसाठी ती कोण लावतो? म्हणून वीस हजारांच्या आत तुम्हाला ७५-७७ मिलिमीटरच्या आसपासचेच फोन सापडतील. दुकानदार तुम्हाला फसवत नव्हते हो, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

आता थोडी बरी बातमी. गेल्या दोन-तीन वर्षांत बॅटरीच बदलायला लागली आहे. नेहमीच्या लिथियम बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं. एक ग्रॅम ग्रॅफाइट फार तर ३७२ एमएएच धरून ठेवतं. सिलिकॉनची ताकद त्याच्या कितीतरी पट, कागदावर दहापट म्हणा. अडचण एवढीच की चार्ज होताना सिलिकॉन तिप्पट फुगतं आणि भेगाळतं. म्हणून ते कार्बनच्या जाळीत थोडं थोडं मिसळतात. याच युक्तीवर २०२५ मध्ये भारतात आलेल्या वनप्लस १३एस मध्ये ५८५० एमएएच बसली, तीही ७१.७ मिलिमीटर रुंदीत. विवो एक्स२०० एफई मध्ये त्याच अंगात ६५०० एमएएच. काही वर्षांपूर्वी एवढ्या बॅटरीला चांगलाच मोठा, जाड फोन लागायचा. म्हणजे "लहान फोनला बॅटरी पुरत नाही" हे दिवाणखान्याचं रडगाणं संपत आलंय. दोन्ही फोन ५५ हजारांच्या आसपास आले, त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये नाहीत. आणि ते लहानही नाहीत, मध्यम आहेत. वजन १८५ ग्रॅमच्या आसपास.

मोठ्या दोन कंपन्यांनी २०२५ मध्येच वेगळाच खेळ केला. सॅमसंगनं एस२५ एज काढला, ५.८ मिलिमीटर जाड. ॲपलनं आयफोन एअर काढला, ५.६ मिलिमीटर. रुंदी बघा: ७५.६ आणि ७४.७. सुरीसारखे पातळ फोन करायला एवढं डोकं आणि पैसा लावला, आणि अंगठा अजून होता तिथेच. मला विचाराल तर जाडी दोन मिलिमीटर वाढवा आणि रुंदी दहानं कमी करा. जाड फोनचा त्रास झाल्याची तक्रार घेऊन आजवर माझ्याकडे कुणी आलेलं नाही. रुंद फोन हातातून निसटून फुटला म्हणून मात्र रोज येतात. त्यावर माझं घर चालतं, तरी सांगतोय.

आता तुमचं काय करायचं ते बघू. एसई २०२० मध्ये जो प्रोसेसर आहे तोच आयफोन ११ मध्ये होता. २०२५ चं आयओएस २६ (आयफोनची सिस्टीम) त्याच्यावर चालतं, म्हणजे बँकेची आणि यूपीआयची ॲप बंद पडण्याची चिंता आज नाही. त्याची बॅटरी मुळातच १८२१ एमएएच, पाच वर्षांत ती थकणारच. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर फोनचा दोष नाही, बॅटरीचं वय झालंय. आणि तुमच्या कामाला या फोनची एक जमेची बाजू आहे. बोटाचा ठसा घेणारं खालचं बटण. वॉर्डात तोंडावर मास्क असताना चेहरा ओळखणाऱ्या फोनांची काय तऱ्हा होते ते मला सांगायला नको.

बॅटरी शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रातच बदला. बाहेर बदलायची असेल तर कारागिराला तीन गोष्टी विचारा. पहिली, हा फोन खालचे दोन स्क्रू काढून पुस्तकासारखा बाजूला उघडतो; घाईत सताड उघडला तर स्क्रीनला जोडणाऱ्या तारांच्या चपट्या पट्ट्या फाटतात. दुसरी, ते ठशाचं बटण त्या फोनच्या बोर्डाशी बांधलेलं असतं. त्याची पट्टी तुटली तर बाहेर दुसरं बटण बसवून ठसा परत येत नाही. हे माहीत नसलेल्या माणसाकडे फोन देऊ नका. तिसरी, उघडल्यावर कडेचं पाणी अडवणारं रबरी सील नवं लावणार का? बहुतेक जण लावत नाहीत. मीही पूर्वी लावत नव्हतो. एका बाईंचा फोन बेसिनमध्ये पडला आणि शहाणा झालो. बाहेरची बॅटरी टाकली तर "ही बॅटरी ओळखता येत नाही" असा संदेश येतो. त्यानं फोन बंद पडत नाही, पण संदेश येणार हे आधी सांगणारा कारागीर निवडा.

यानं फोनला अजून दीड-दोन वर्षं सहज मिळतील. त्यानंतर घ्यायचा झाला तर माझ्या यादीत ७०-७१ मिलिमीटरच्या आसपासचे फोन आहेत. सॅमसंगची साधी एस मालिका, अल्ट्रा किंवा प्लस नव्हे. एस२३ ची रुंदी ७०.९, एस२४ ची ७०.६, एस२५ ची ७०.५, वजन तिघांचंही १६०-१७० ग्रॅमच्या घरात. तुमच्या एसईपेक्षा तीन-चार मिलिमीटर रुंद. नवीन एस२५ महाग आहे, पण वापरलेला एस२३ तोवर तुमच्या बजेटमध्ये यायला हरकत नाही. एस२२ अंगानं तेवढाच आहे, पण तो गरम होतो आणि बॅटरी ३७०० ची आहे. तुमच्या बारा तासांच्या ड्यूटीला मी तो देणार नाही. आयफोनच हवा असेल तर १६ई ७१.५ मिलिमीटर रुंद आहे. वापरलेला १३ मिनी मात्र भावनेच्या भरात घेऊ नका. तुमच्या हाताला तो अगदी साजेल, पण त्याचीही बॅटरी आता थकलेली असणार. घेतलाच तर बॅटरी बदलायचा खर्च आधीच हिशेबात धरा.

वापरलेला घेताना फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. केवायएम लिहून, जागा सोडून तो पंधरा अंकी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र आणून बारकाईनं बघा, हिरवी किंवा गुलाबी रेघ नको. पाठ कडेनं उचललेली वाटली तर आत बॅटरी फुगलीय असं समजा आणि उठा.

घडीचे फोन बघितले असतील तुम्ही. बंद केल्यावर छान चौकोनी पुडी होते, ॲप्रनच्या खिशात बसेलही. पण वापरायला उघडलात की तो पुन्हा साडेसहा इंचांच्या वरचाच. आणि उघडायला दोन हात लागतात. तुमच्या एका हातात बाटली आहे. आतली स्क्रीन गेली तर तिच्या पैशात दुसरा फोन येतो. दुसऱ्या टोकाला युनिहर्ट्झची जेली स्टारसारखी तीन इंची खेळणी आहेत, ५० मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ १९ जाड. हौसेला ठीक. त्यावर मराठी टाईप करून बघा आणि मग मला फोन करा, बोलूनच.

शेवटी एक युक्ती, माझ्या बायकोची आहे. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्यायचा, जो फोन मनात आहे त्याच्या मापाचा कापायचा, रुंदीत चार मिलिमीटर जास्त धरून. तेवढं कव्हर खातं, आणि दुकानात कुणी कव्हर घालून फोन हातात देत नाही. तसे दोन-तीन एकावर एक चिकटवले की जाडीही येते. तो पुठ्ठा दोन दिवस ॲप्रनमध्ये ठेवून ड्यूटी करायची. वाकून बघायचं, जिना चढून बघायचं, एका हातानं धरून अंगठा वर नेऊन बघायचा. तिनं ७६ चा पुठ्ठा दुपारपर्यंत फेकून दिला होता. ७१ चा अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे, वर तिनं भाजीची यादी लिहिली आहे.